समस्या निवारण : जुलै आला की अँटिबायोटिकची इनहेलर पावडर गठ्ठे का धरते

तक्रार साधारण अशी असते. फुप्फुसात ओढून घ्यायची टोब्रामायसिन या अँटिबायोटिकची पावडर आहे. ल्युसीन हे अमिनो आम्ल घालून पाण्यातून स्प्रे ड्राय केलेली, म्हणजे द्रावण गरम हवेत फवारून थेंबांची पावडर केलेली. जानेवारी-फेब्रुवारीत बॅच काढल्या तेव्हा सगळं सुरळीत होतं. जूनअखेर पाऊस बसला आणि तीच कृती, तेच सेटिंग, तोच ऑपरेटर असूनही सायक्लोनखालच्या (हवा गरगर फिरवून पावडर वेगळी करणाऱ्या शंकूखालच्या) बरणीत पावडर काचेला चिकटायला लागली. इम्पॅक्टरवर, म्हणजे कण आकारानुसार टप्प्याटप्प्यांवर वेगळे करणाऱ्या चाचणीयंत्रावर, फाइन पार्टिकल फ्रॅक्शन (फुप्फुसात पोचण्याइतक्या बारीक कणांचा वाटा) घसरलं. मग बैठका होतात, एपीआयवाल्याला (मूळ औषधद्रव्य पुरवणाऱ्याला) पत्र जातं, नवा लॉट येतो, ल्युसीनचा पुरवठादार बदलतो. एवढ्यात नवरात्र येतं, पावसाने पाठ फिरवलेली असते आणि बॅच आपोआप सुधारते. त्या आठवड्यात ज्याचा लॉट चालू असेल त्याला श्रेय मिळतं. पुढच्या जुलैत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बडोद्यात हा प्रकार मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दिसतो आणि एम. फार्म.च्या मुलांच्या प्रोजेक्टमध्येही. प्रोजेक्टवाल्यांची पंचाईत मोठी, कारण त्यांची प्रायोगिक कामं नेमकी पावसाळ्यात सुरू होतात आणि आधीच्या बॅचचा हिवाळ्यातला डेटा त्यांच्या डोक्यावर बसलेला असतो.

माझं मत सांगून टाकतो. पुरवठादार बदलण्याआधी ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेतलं पाणी मोजा. स्क्रीनवरचं आउटलेट (बाहेर पडणाऱ्या हवेचं) तापमान पावडर किती कोरडी झाली हे सांगत नाही. ते फक्त तापमान सांगतं.

हे औषध एवढं हळवं का

दम्याच्या रोटाकॅपमध्ये सालब्युटामॉल असतं २०० मायक्रोग्रॅम, बाकीची कॅप्सूल लॅक्टोजच्या जाड कणांनी भरलेली. औषधाचे बारीक कण त्या जाड कणांना धरून राहतात, श्वास ओढताना सुटतात आणि आत जातात. लॅक्टोज घशात राहतं. अँटिबायोटिकला ही चैन परवडत नाही. टोबी पॉडहेलर या बाजारातल्या पावडरीच्या एका कॅप्सूलमध्ये २८ मिलिग्रॅम टोब्रामायसिन असतं, एका वेळी ४ कॅप्सूल, म्हणजे ११२ मिलिग्रॅम, आणि तेही दिवसातून दोनदा. कोलोब्रीद या दुसऱ्या पावडरीच्या एका कॅप्सूलमध्ये कोलिस्टिमिथेट सोडियम (कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं एक रूप) सुमारे १२५ मिलिग्रॅम, सोबत दुसरं काहीही नाही. दम्याच्या औषधाच्या शेकडो पट मात्रा झाली. त्यावर वाहक म्हणून लॅक्टोज घालायला गेलात तर रुग्ण पावडर ओढता ओढताच दमेल. शिवाय टोब्रामायसिन आणि कोलिस्टिनच्या रेणूंवर अमाइन गट आहेत. लॅक्टोज ही अपचायक शर्करा असल्याने दोघांची मेलार्ड अभिक्रिया होते आणि साठवणीत पावडर पिवळी पडत जाते.

तेव्हा इथे औषधाचा कण स्वतःच उडणारा हवा. त्याचा वायुगतिक व्यास १ ते ५ मायक्रॉनच्या मध्ये हवा. त्याहून मोठा घशात आपटतो, त्याहून बारीक बराचसा उच्छ्वासाबरोबर परत येतो. या आकाराला कणाचं वजन नगण्य होतं आणि कण-कणांमधलं आकर्षण त्याच्यावर मात करतं. पावडर मुळातच एकमेकांना चिकटायला टपलेली असते. त्यात स्प्रे ड्राय केलेलं टोब्रामायसिन अस्फटिक, म्हणजे काचेसारखं असतं आणि पाण्याचं हावरट. पाण्याचं स्वतःचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचेसारखा पदार्थ मऊ पडतो ते) उणे १३५ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे थोडं पाणी आत शिरलं तरी मिश्रणाचं काचसंक्रमण तापमान झपाट्याने खाली येतं. ते साठवणीच्या तापमानाजवळ आलं की कणांचे पृष्ठभाग मऊ होतात, जिथे दोन कण टेकतात तिथे पूल तयार होतो, आणि तो पूल रुग्णाच्या श्वासाने तुटत नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

फाइन पार्टिकल फ्रॅक्शन पडलं, एवढ्या वाक्यावर कोणीही कामाला लागू नये. इम्पॅक्टरचा पूर्ण हिशेब समोर घ्या : कॅप्सूलमध्ये किती उरलं, डिव्हाइसमध्ये किती, घशाच्या नळीत आणि प्री-सेपरेटरमध्ये (जाड कण आधीच अडवणाऱ्या भागात) किती, खालच्या टप्प्यांवर किती.

कॅप्सूलमध्येच जास्त उरत असेल आणि जे बाहेर पडतंय ते नीट उडत असेल, तर बहुधा स्थिर विद्युत, कॅप्सूलच्या आतलं वंगण किंवा छिद्र पाडणाऱ्या सुया यांचा दोष. बडोद्यात ही जानेवारीच्या दुपारची तक्रार आहे, जुलैची क्वचितच. पावडर बाहेर पडते पण घशात आणि प्री-सेपरेटरमध्ये साठते, ही पावसाळ्याची खरी खूण. कण बाहेर पडले, पण एकेकटे पडले नाहीत.

आता गठ्ठे सैल आहेत की एकजीव झालेत हे पाहायचं. त्यासाठी माझी आवडती चाचणी लेझर डिफ्रॅक्शनची (लेझरने कणांचा आकार मोजण्याची) आहे, कारण ती अर्ध्या दिवसात होते आणि थोडीच पावडर लागते. कोरड्या विखुरणीची पद्धत लावा आणि एकाच नमुन्याचं माप ०.५, १, २ आणि ३ बार दाबाला घ्या. कमी दाबाला आकार मोठा आणि जास्त दाबाला ३ मायक्रॉनच्या आसपास उतरत असेल, तर कण शाबूत आहेत, फक्त एकमेकांना धरून बसलेत. अशी बॅच दुय्यम वाळवणीने बरीचशी परत मिळते. ३ बारलाही आकार उतरत नसेल तर कण जुळून गेलेत. ती बॅच सोडून द्या. ती दळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. दळल्यावर तिचे पृष्ठभाग बदलतात आणि मिळणारा डेटा मूळ कृतीचा राहत नाही.

याच्या जोडीला कार्ल फिशर टायट्रेशनने पाण्याचं प्रमाण आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनने स्फटिक आहेत का ते बघा. कार्ल फिशरला दोन ठेचा लागतात. एक, उघड्या टेबलावर तोलत बसलात तर पावडर तोलतानाच पाणी पिते आणि तुम्ही खोलीची हवा मोजता. बरणी उघडतानाच, कोरड्या ग्लोव्ह बॅगमध्ये, झाकणबंद कुपीत नमुना घ्या. दुसरी, टोब्रामायसिन मुक्त बेस असेल तर त्याचा अल्कधर्मी स्वभाव टायट्रेशन बिघडवतो. माध्यमात बेंझोइक आम्ल घालावं लागतं. सल्फेट करून सामू साताजवळ आणलेला असेल तर ही अडचण येत नाही.

ड्रायर पाणी कुठून घेतो

प्रयोगशाळेतला नेहमीचा छोटा ड्रायर घ्या. उघड्या पद्धतीने चालतो, म्हणजे खोलीतली किंवा मागच्या सर्व्हिस पॅसेजमधली हवा ओढतो, तापवतो, वापरतो आणि बाहेर सोडतो. तासाला सुमारे ३५ घनमीटर, वजनात जवळपास ४० किलो हवा. फीड मिनिटाला ५ मिलिलिटर धरलं तर तासाला ३०० ग्रॅम पाणी आपण सोडतो. किलोभर हवेवर साडेसात ग्रॅम पाणी पडलं.

आता हवा स्वतः काय घेऊन येते ते बघू. जानेवारीतली दुपार, २५ अंश, आर्द्रता ३५ टक्के : किलोमागे सुमारे ७ ग्रॅम पाणी. जुलैतला दिवस, ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के : किलोमागे सुमारे २३ ग्रॅम. तासाचा हिशेब केला तर जानेवारीत हवेबरोबर २८० ग्रॅम पाणी येतं, जुलैत ९२० ग्रॅम. तुमच्या फीडमधल्या पाण्याच्या तिप्पट. पावसाळ्यात गच्चीवर कोणी पापड वाळत घालत नाही, आपण मात्र त्याच हवेने औषध वाळवायला निघतो आणि हीटर आहे म्हणून निर्धास्त राहतो.

हीटर हवा तापवतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. आउटलेट ७० अंशांवर धरलं, तर जानेवारीत तिथे सापेक्ष आर्द्रता सुमारे ७ टक्के येते आणि जुलैत १५ टक्के. स्क्रीनवर दोन्ही दिवशी ७० च दिसतं. कण ज्या हवेत शेवटचा श्वास सोडतो ती दुप्पट ओली आहे, आणि उरलेलं पाणी त्या आर्द्रतेशी जुळवून ठरतं.

याहून मोठा घोटाळा खाली बरणीत होतो, आणि तिकडे फार कमी जण बघतात. बरणी ४५ अंशांवर असेल तर तीच हवा तिथे जानेवारीत २४ टक्के आणि जुलैत ४९ टक्के आर्द्रतेची होते. त्यातून खोलीत एसी लावलेला असतो. जुलैतल्या या बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू ३२ अंशांच्या आसपास येतो. काचेची बरणी एसीच्या झोताखाली २४ अंशांवर उभी असेल तर तिच्या आतल्या बाजूला चक्क दव धरतं. जानेवारीत दवबिंदू २० अंशांच्या जरा खाली राहतो, म्हणून काच कोरडी दिसते. तळाशी पावडर सुटी आणि भिंतीला लागलेला थर ओलसर, चिवट, असं दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण आता कळेल. दोन्ही मिसळून एक नमुना पाठवला की निकाल कधी बरा, कधी वाईट येतो, आणि मग चाचणीवरच शंका घेतली जाते.

ऑपरेटरला हे बहुतेक वेळा माहीत असतं. तो सकाळी मशीन लावतानाच म्हणतो, "साहेब, आजे भेज बहु छे." (आज हवेत ओल फार आहे.) पण बॅच रेकॉर्डमध्ये इनलेट तापमान, आउटलेट तापमान, पंपाचा वेग, अ‍ॅस्पिरेटर यांचे रकाने असतात, शिरणाऱ्या हवेच्या आर्द्रतेचा रकाना नसतो. त्याचं म्हणणं कागदावर उतरत नाही आणि सप्टेंबरच्या आढावा बैठकीत ते कोणालाच सापडत नाही.

सहसा केले जाणारे उपाय आणि त्यांचं काय होतं

पहिला उपाय, फीडचा वेग कमी करायचा. ५ वरून २ मिलिलिटरवर आणा. बॅचला अडीच पट वेळ लागेल आणि आउटलेटची आर्द्रता १५ वरून १३ टक्क्यांवर येईल. जे पाणी तुम्ही कमी केलंत ते मुळात अल्पसंख्य होतं.

दुसरा, तापमान वाढवायचं. आउटलेट ८५ अंशांवर नेलं तर सायक्लोनमधली आर्द्रता सुमारे ८ टक्क्यांवर येते, जानेवारीच्या जवळ. कागदावर छान वाटतं. पण हवेतलं एकूण पाणी तेवढंच राहिलं, दवबिंदू तोच ३२ अंश, आणि बरणीची अडचण जिथल्या तिथे. वर तापलेला अस्फटिक कण सायक्लोनच्या भिंतीला मऊ अवस्थेत आपटायची शक्यता वाढते आणि उतारा घटतो.

तिसरा, बॅच निघाल्यावर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवायची. हा चांगला उपाय आहे, पण बरणीतच कण जुळले असतील तर ओव्हन फक्त जुळलेले गठ्ठे कोरडे करतो. म्हणूनच आधी ती दाबाची चाचणी.

चालणारा उपाय कंटाळवाणा आहे : आत येणारी हवा कोरडी करा. ड्रायरच्या इनलेटला डीह्युमिडिफायर जोडून हवेचा दवबिंदू ५ अंशांवर आणला, तर किलोमागे साडेपाच ग्रॅमच्या आत पाणी उरतं. त्याच ५ मिलिलिटर फीडला, त्याच ७० अंशांना, आउटलेटची आर्द्रता साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जुलैची बॅच जानेवारीपेक्षाही कोरडी. खोलीत घरगुती डीह्युमिडिफायर ठेवून भागत नाही, कारण ड्रायर तासाला ३५ घनमीटर हवा खोलीतून बाहेर फेकतो आणि तेवढीच ओली हवा दाराच्या फटींतून परत आत येते. जोडणी थेट इनलेटला हवी.

पैसे नसतील तर निदान दोन गोष्टी करा. आउटलेटला आर्द्रतेचा प्रोब बसवा आणि बॅच आउटलेट तापमानावर न चालवता आउटलेट आर्द्रतेवर चालवा. ७ टक्क्यांच्या वर गेलं की थांबायचं, असा स्वतःचा नियम ठरवा. आणि बरणीला उबदार ठेवा. हीटिंग टेप गुंडाळा, एसीचा झोत दुसरीकडे वळवा, बॅच संपताच बरणी गरम असतानाच काढून झाकण लावा आणि कोरड्या जागी न्या. बरणी ड्रायरखालीच थंड होऊ देऊन जेवायला जाणं ही पावसाळ्यातली सर्वांत महागडी सवय आहे.

नायट्रोजनच्या बंद चक्रावर चालवा, असाही सल्ला मिळतो. ती सोय सेंद्रिय द्रावकांसाठी असते. पाण्यासाठी वापरायची तर कंडेन्सर किती थंड होतो यावर सगळं अवलंबून राहतं, आणि छोट्या यंत्रांचा कंडेन्सर पाण्याच्या एवढ्या भाराला लवकर थकतो.

नोझलला जाणारी दाबाखालची हवाही विसरू नका. प्रमाणात ती थोडी असते, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचतं. लाइनचा ड्रायर बंद पडलेला असला की नोझलमधून मधूनच पाण्याचा फवारा उडतो आणि बरणीत ओले ठिपके दिसतात. टाकीचा ड्रेन रोज सकाळी उघडायचा. बाहेर जाणाऱ्या हवेवर हेपा फिल्टर हवाच, अँटिबायोटिकची धूळ आहे, आजूबाजूच्या माणसांनी ती श्वासात घ्यायची नाही. मात्र ओल्या दिवसांत हा फिल्टर लवकर तुंबतो, हवेचा वेग पडतो, सायक्लोन बारीक कण पकडेनासा होतो, आणि उतारा व आकार दोन्ही एकदम बदललेले दिसतात. फिल्टरवरच्या दाबातला फरक रोज लिहा.

ल्युसीन वाढवून प्रश्न सुटतो का

अर्धाच. ल्युसीन पृष्ठभागावर येऊन पाण्याला नावडतं कवच करतं, कण एकमेकांना कमी चिकटतात, आणि १० ते २० टक्क्यांपर्यंत त्याचा फायदा साफ दिसतो. पण आतलं टोब्रामायसिन पाणी पितच राहतं. कवच चिकटणं कमी करतं, तहान कमी करत नाही.

ल्युसीन घातलं म्हणजे कवच झालंच, असंही नाही. थेंब आटताना ल्युसीन लवकर संपृक्त व्हायला हवं, म्हणजे त्याला पृष्ठभागावर स्फटिक धरायला वेळ मिळतो. पाण्यात त्याची विद्राव्यता २५ अंशांना लिटरला सुमारे २४ ग्रॅम. फीडमध्ये एकूण घनपदार्थ २ टक्के आणि त्यातला पाचवा भाग ल्युसीन, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. थेंबाचं आकारमान सहाव्या हिश्श्यावर आल्यावर ल्युसीन संपृक्त होतं, ठीक आहे. पण ल्युसीन फक्त २० पैकी १ भाग ठेवलं तर लिटरला १ ग्रॅम पडतं आणि संपृक्ततेसाठी थेंब चोविसाव्या हिश्श्यावर यावा लागतो. तोवर कण जवळपास घट्ट झालेला असतो आणि ल्युसीन आतच अस्फटिक अडकतं. एकूण घनपदार्थ ५ टक्के केले तर संपृक्तता लवकर येते, पण कण मोठा होतो : १० मायक्रॉनच्या थेंबातून २ टक्क्यांना पावणेतीन मायक्रॉनच्या जवळचा कण मिळतो, ५ टक्क्यांना पावणेचारच्या जवळचा. हा सौदा ज्याने त्याने आपल्या नोझलवर करायचा.

सामूचा सापळाही इथेच आहे. टोब्रामायसिन बेसचं द्रावण बरंच अल्कधर्मी असतं, आणि ल्युसीनचा अमाइन गट सामू साडेनऊच्या वर गेला की प्रभार बदलतो, ल्युसीन जास्त विरघळतं, म्हणजे उशिरा संपृक्त होतं. सल्फ्युरिक आम्लाने सामू ७ च्या जवळ आणून मग स्प्रे करा. टोब्रामायसिन सल्फेट म्हणून आणि ल्युसीन आपल्या कमी विद्राव्य रूपात, दोघंही सोयीचे राहतात.

दुसरा मार्ग टोबी पॉडहेलरने घेतला. त्या पावडरीला २०११ मध्ये युरोपात आणि २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डीएसपीसी नावाचं फॉस्फोलिपिड, थोडं कॅल्शियम क्लोराइड आणि पर्फ्लुओरोऑक्टिल ब्रोमाइडचे थेंब असलेलं इमल्शन स्प्रे ड्राय करतात. तो द्रव नंतर उडून जातो आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र कण राहतो. वायुगतिक व्यास हा खऱ्या व्यासाला घनतेच्या वर्गमुळाने गुणून मिळतो. ४ मायक्रॉनचा पण पाण्याच्या पाव घनतेचा कण हवेत २ मायक्रॉनसारखा वागतो. शिवाय खडबडीत पृष्ठभागामुळे कण एकमेकांना कमी ठिकाणी टेकतात. हे सगळं उत्तम आहे, पण कॉलेजच्या छोट्या ड्रायरवर जुलैत सुरू करण्यासारखं नाही. इमल्शनचं होमोजनायझेशन नीट जमलेलं नसेल तर आर्द्रतेबरोबर दुसरी डोकेदुखी गळ्यात पडते.

सगळीच अँटिबायोटिक्स सारखी वागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कोलिस्टिनचा रेणू दुतोंडी आहे, एका बाजूला चरबीची शेपटी. वाळताना तो स्वतःच पृष्ठभागावर येतो आणि पाणी घेऊनही पावडर बऱ्यापैकी उडते. दुसऱ्या औषधाबरोबर त्याला एकत्र स्प्रे ड्राय करून त्याचं संरक्षण मिळवता येतं, यावर प्रकाशित काम आहे. त्याचं सोडियम मिथेनसल्फोनेट रूप वेगळं, दोघांना एक समजून डेटा उचलू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइडची तऱ्हा तिसरी : अस्फटिक निघतं आणि ओलसर हवेत स्फटिक व्हायला लागतं. पहिल्या दिवशी निकाल चांगला, दोन आठवड्यांनी वाईट, असं गाऱ्हाणं सिप्रोफ्लॉक्सासिनचं असतं. तिथे एक्स-रे डिफ्रॅक्शन आधी, कार्ल फिशर नंतर.

कॅप्सूल आणि चाचणीची खोली

बरणीत चांगली असलेली पावडर कॅप्सूलमध्ये भरल्यावर बिघडली, तर कॅप्सूलच संशयित. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं, एचपीएमसीच्या (सेल्युलोजपासून केलेल्या) कवचात ४ ते ६. टोब्रामायसिनसारखी तहानलेली पावडर जिलेटिनमधून पाणी ओढते. पावडर ओली होते, कवच ठिसूळ होतं, आणि सुई मारताना कवचाचे तुकडे उडतात, जे रुग्णाच्या घशात जाऊ शकतात. अशा पावडरीला एचपीएमसीच घ्या, भरण्याआधी कॅप्सूल ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत मुरू द्या आणि लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लिस्टरमध्ये बंद करा. जिलेटिन वापरून बाटलीत भरपूर सिलिका जेल कोंबणं हा उलटा उपाय आहे, त्याने ठिसूळपणा वाढतो.

चाचणीच्या खोलीकडेही बघा. इम्पॅक्टरवर डिव्हाइसमधला दाबफरक ४ किलोपास्कल आणि ओढलेली हवा ४ लिटर हे नेहमीचं माप आहे. मिनिटाला ६० लिटर वेग आला तर हे ४ सेकंदांत संपतं. पण त्या ४ सेकंदांसाठी ४ लिटर खोलीची हवा पावडरीवरून जाते, आणि सुई मारलेली कॅप्सूल टेबलावर गप्पा मारेपर्यंत पडलेली असते. खोली ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा, सुई मारणं आणि ओढणं यांत अंतर पडू देऊ नका. कप वंगणाने लेपायला विसरलात तर कण उसळून खालच्या टप्प्यात जातात आणि निकाल खोटा चांगला दिसतो. मात्र कोरडेपणाचा अतिरेकही नको. आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर नेली की पावडर विद्युतभारित होऊन कॅप्सूलच्या भिंतीला बसते. मग जो तो पुन्हा ओलावा शोधत बसतो.

पावडर चांगली निघाली, ब्लिस्टर चांगला लागला, तरी शेवटची आर्द्रता घरात असते. भारतात ब्रॉन्किएक्टॅसिसचं (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजाराचं) सर्वांत मोठं कारण जुना क्षयरोग आहे, आणि अशा फुप्फुसात सुडोमोनास हा जिवाणू ठाण मांडून बसला की ही औषधं महिनोन्महिने घ्यावी लागू शकतात. आठवड्याच्या कॅप्सूल एकदम ब्लिस्टरमधून काढून डबीत भरायची सवय अनेकांना असते. शिवाय ओढण्याआधी डिव्हाइसमध्येच श्वास सोडला की तोंडातली वाफ थेट पावडरीवर. रुग्णासाठीच्या पत्रकात या दोन गोष्टी पहिल्या ओळीत, मराठी आणि गुजरातीत, मोठ्या अक्षरात छापा. पावडर ओढताना खोकला येतो, तो या औषधाचा नेहमीचा त्रास आहे. पण गठ्ठे घशात आपटले की तो वाढतो, आणि रुग्ण औषध सोडतो ते बहुधा याच कारणाने.

डिसेंबरमध्येही घसरण दिसली तर

मग आर्द्रता सोडा. नोझलचं टोक काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, कडेला घासल्याच्या खुणा असतील तर थेंब मोठे पडताहेत. सायक्लोनच्या जोडाचं सील बदला; तिथून थोडी हवा गळली तरी बारीक कण निसटतात. मिनिटाला पाण्याचा खरा प्रवाह सिलिंडरमध्ये मोजा, पंपाची नळी जुनी झाली की स्क्रीनवरचा आकडा आणि खरा प्रवाह जुळत नाहीत. एवढं झाल्यावरही उत्तर मिळालं नाही, तर आता एपीआयवाल्याला पत्र लिहायला हरकत नाही. सोबत शिरणाऱ्या हवेच्या आर्द्रतेची वर्षभराची नोंद जोडा, म्हणजे तो पावसावर ढकलू शकणार नाही.